अकरा कळ्यांची कॅमेलिया

हेर्न्योसांद, २४ ऑगस्ट १९८६

प्रिय ओर्वार,

तुझ्या मंडळाचं पत्रक मिळालं. घरात झाडं लावणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा असावा आणि आपण त्याला कधी काही विचारूच नये, हे बरं दिसत नाही. शिवाय 'कसलेल्या हातांसाठी' असं नवं सदर तू सुरू केलं आहेस. तर एक कसलेला हात इकडे उत्तरेत रिकामा बसला आहे.

चाळीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं. आता निवृत्तीनंतर खिडकीत बत्तीस कुंड्या आहेत आणि एकही मला त्रास देत नाही. होयाला यंदा तीनदा फुलं आली. बेगोनिया इतकी वाढली की जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी एक फांदी देते. शेजारच्या एकेबोमबाई तर मला पाहून दार लावून घेतात. ऑर्किडसुद्धा फुलले, आणि खरं सांगते, मला जरा कंटाळाच आला.

मला हरवेल असं झाड सुचव. एकच. पण नीट विचार करून.

येत्या १४ सप्टेंबरला आपल्या गुडरूनला, माझ्या बहिणीला, जाऊन दोन वर्षं होतील. ती असती तर तिलाच विचारलं असतं. मला काय हवं आहे हे तिला न सांगता कळायचं.

तुझी,
हिलेवी

*

योन्श्योपिंग, ३ सप्टेंबर १९८६

प्रिय हिलेवीताई,

आपल्या पत्राचा मी गांभीर्याने विचार केला आहे. कसलेल्या माणसासाठी झाड निवडताना लोक एक चूक नेहमी करतात. ते दुर्मीळ झाड निवडतात. दुर्मीळ आणि अवघड या भिन्न गोष्टी आहेत. अवघड झाड ते, ज्याच्या गरजा आपल्या घराच्या स्वभावाविरुद्ध असतात. या कसोटीवर मी पाच झाडे तपासली.

हंसराज प्रथम बाद केला. त्याची पाने एका दुपारच्या कोरड्या हवेने करपतात हे खरे, परंतु ओल्या भांड्यात ठेवले की भागते. आपण हे दोन दिवसांत शोधून काढाल. कलाथियाचे तेच. मेडिनिला भव्य आहे, परंतु तिला जेवढी जागा लागते तेवढी आपल्या दोन खोल्यांत नाही. अनंताचा मी बराच वेळ विचार केला. रात्रीचे तापमान दोन अंशांनी चुकले तरी तो कळ्या टाकतो. मात्र त्याला ऊब लागते, आणि ऊब देणे आपल्याकडे कोणालाही जमते.

उरली कॅमेलिया. ती चहाच्या कुळातली. तिला हिवाळ्यात उजेड हवा आणि थंडी हवी. आपण सारे हिवाळ्यात दिवे आणि ऊब शोधतो. बारा अंशांच्या वर ती रुसते. पाणी पावसाचे किंवा वितळलेल्या बर्फाचे. कळी धरल्यानंतर कुंडी बोटभरही फिरवायची नाही. माणसाने स्वतः गारठावे आणि तिला जपावे, असे हे झाड आहे.

योगायोगाने माझ्याकडे एक आहे. चांगल्या वाढीची, अकरा कळ्या धरलेली. या महिनाअखेर रेल्वे पार्सलने पाठवतो. आपल्यासारख्या हातांत ती असावी असे मला वाटते. सोबत सूचनांचा कागद जोडीन.

आपला,
ओर्वार

*

हेर्न्योसांद, २९ सप्टेंबर १९८६

प्रिय ओर्वार,

शनिवारी खोकं आलं. स्टेशनवरचा माणूस म्हणाला, "बाई, आत काय, लहान मूल आहे का? बाहेर चारही बाजूंना 'सरळ ठेवा' लिहिलंय!" मी म्हटलं, "मूल असतं तर इतकं लिहिलं नसतं."

अकरा कळ्या मोजल्या. अकराच आहेत. पानं तकतकीत आहेत. तू ती पुसून पाठवलीस हे दिसलं.

झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे, म्हणून तिला तिथे ठेवलं आणि तिथला रेडिएटर पूर्ण बंद केला. मी स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपते. अरुंद आहे, पण मीही आता तितकी रुंद राहिलेली नाही. एकेबोमबाई काल डोकावून म्हणाल्या, "हिलेवी, घर कुणाचं आहे, तुझं की तिचं?" मी म्हटलं, "अजून ठरायचं आहे."

एक विचारू? ही तुझ्याकडे किती वर्षं आहे? आणि मुळं शेवटची कधी पाहिलीस?

पाठवलीस याबद्दल मनापासून आभार, ओर्वार.

हिलेवी

*

योन्श्योपिंग, १२ ऑक्टोबर १९८६

प्रिय हिलेवीताई,

पत्र वाचून आनंद झाला, मात्र शेवटच्या ओळीने चकित झालो. भेट आलेल्या रोपाचे आभार मानत नाहीत, मानले तर ते धरत नाही, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आणि बत्तीस कुंड्यांची मालकीण ते विसरते! मी स्वतः असल्या समजुतींना किंमत देत नाही. तरीही नोंद केली.

झाड आमच्या घरी बरीच वर्षे आहे. कुंडी नियमाप्रमाणे बदललेली आहे. मुळांविषयी चिंता करू नये. या दिवसांत तिला हलवणे धोक्याचे ठरेल.

कुंडीच्या काठावर खिडकीच्या बाजूने काडेपेटीची काडी चिकटवावी, म्हणजे पुसताना चुकून फिरली तर कळेल. तापमान अकरा अंश. दिवसातून दोनदा नोंदवावे.

आपला,
ओर्वार

*

हेर्न्योसांद, ७ डिसेंबर १९८६
नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार

प्रिय ओर्वार,

सात कळ्या गळाल्या. रोज सकाळी खोलीत शिरण्याआधी मी दारातच क्षणभर थांबते. टप् असा आवाज कधी झाला असेल, याचा विचार करते. फुगलेल्या, टणक कळ्या आहेत. आतून तपकिरी. मी त्या बशीत ठेवल्या आहेत. फेकवत नाहीत.

काडी आहे तिथेच आहे. तापमान अकरा, कधी दहा. पाणी बर्फाचं, रात्रभर आत ठेवून मग दिलेलं. तुझा कागद कपाटाच्या दाराला टाचला आहे आणि त्यातली एकही ओळ मी मोडलेली नाही. तरी पानांवरची तकाकी गेली.

मला खोकला झाला आहे. एकेबोमबाई जवसाचा शेक आणून देतात आणि सोबत फुकट व्याख्यान.

आता तूच सांग. माझ्या त्या आभारांनी घात केला असेल का? तुझ्या लक्षात दुसरं काही कारण येतं का? असेल तर सांग, ओर्वार. मी ऐकून घेईन. कुठलंही कारण असलं तरी ऐकून घेईन.

हिलेवी

*

योन्श्योपिंग, १६ डिसेंबर १९८६

प्रिय हिलेवीताई,

वाईट वाटले. आपण सांगितलेल्या परिस्थितीत मला काही उणे दिसत नाही. आभारांचे म्हणाल, तर अशा जुन्या समजुतींमागे पिढ्यांचे निरीक्षण असते. तसे असू शकेल. आपण मन लावून घेऊ नये.

एकच उपाय सुचतो. तापमान आणखी खाली न्यावे. आठ अंश. उरलेल्या चार कळ्या कदाचित टिकतील.

नाताळच्या शुभेच्छा. खोकल्याची काळजी घ्यावी.

आपला,
ओर्वार

*

योन्श्योपिंग, १८ जानेवारी १९८७

प्रिय हिलेवीताई,

हे पत्र मी हेर्न्योसांदच्या रुग्णालयाच्या पत्त्यावर पाठवत आहे. ताप उतरला असेल तरच वाचावे. नसेल तर परिचारिकेने ते बाजूला ठेवावे, असे पाकिटावर लिहिले आहे.

डिसेंबरच्या त्या पत्रानंतर आपले पत्र नाही. नवीन वर्षात मी चार वेळा फोन केला, कोणी उचलला नाही. काल सकाळी एकेबोमबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "तुम्हीच का ते झाडवाले? मग ऐका. हिलेवीला न्यूमोनिया झालाय. बाहेर उणे तीस, आणि ही घरात आठ अंशांत जाऊन झाडाजवळ खुर्ची टाकून बसायची. मी म्हटलं, अगं रेडिएटर लाव. तर म्हणते, 'ओर्वारने आठ सांगितलेत.' कोण हो तुम्ही आठ सांगणारे?"

 रिसीव्हर ठेवल्यावर मी कोट न घालता गॅलरीत उभा राहिलो. किती वेळ, ते पाहिले नाही. मी वेळ पाहिली नाही असे माझ्या आयुष्यात फारसे घडलेले नाही.

आता जे लिहायचे ते क्रमाने लिहितो.

ती कॅमेलिया माझी नव्हती. ती गुडरूनची होती. आपल्याला हे माहीत असेल असे मला कधी वाटले नाही, कारण आपण आमच्याकडे येत असा ते दिवस उन्हाळ्याचे, आणि उन्हाळ्यात ती मागच्या अंगणात इतर झाडांत असे. तेवीस वर्षे तिने ती वाढवली. ऑगस्ट १९८४ मध्ये, रुग्णालयात, तिने मला सांगितले, "कॅमेलिया हिलेवीला दे." मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितले. मी म्हणालो, "मी सांभाळीन की." ती हसली. तिला हसताना दुखत असे. म्हणाली, "ओर्वार, तू झाडाला पाणी घालत नाहीस, तू त्याची हजेरी घेतोस. हिलेवीला दे." तिसऱ्यांदा सांगितले तो शेवटचा आठवडा होता. तिन्ही वेळा मी हो म्हटले.

दिली नाही. प्रथम दुःखाचे निमित्त होते. पुढे फेब्रुवारीत मंडळाचे प्रदर्शन आले. झाडाला तीस फुले होती. मी ते माझ्या नावाच्या चिठ्ठीखाली मांडले आणि मला पहिले पारितोषिक मिळाले. लोक हात मिळवत होते. त्याच बळावर पुढल्या वर्षी मी अध्यक्ष झालो. त्यानंतर ते झाड देणे म्हणजे काय देणे झाले असते, हे आपण समजू शकाल.

मी तिला रोज सकाळी सव्वासात वाजता मोजून एक पेला पाणी घालत असे. पाऊस असो, ऊन असो, माती ओली असो. एकही दिवस चुकलो नाही. याचा मला अभिमान होता. गेल्या एप्रिलमध्ये कुंडीतून वास आला म्हणून मुळे उपसली. ती काळी आणि मऊ झाली होती. एक तृतीयांश कापून टाकली, उरलेली पुन्हा पुरली आणि पाने पुसत राहिलो. उन्हाळाअखेर तिने अकरा कळ्या धरल्या. मरायला टेकलेले झाड असे करते, हे मीच सदरात लिहिले आहे.

त्याच आठवड्यात आपले पत्र आले. आपण लिहिले होते, 'मला हरवेल असं झाड सुचव.'

मी काय विचार केला, तो लिहितो. आपल्या हातून ती मेली, तर ती माझ्या हातून मेलेली नसेल. एवढाच विचार केला. पाच झाडांची ती तुलना नंतर लिहिली, निर्णय आधी झाला होता.

पुढे आपण मुळांविषयी विचारले, आणि मी मुळांना हात लावू नका असे लिहिले. आपण कारण विचारले, आणि मी आपल्या आभारांवर ढकलले. आठ अंशांना काही आधार नव्हता. काहीतरी सांगायला हवे म्हणून सांगितले.

क्षमा मागण्याची जागा मला दिसत नाही, म्हणून मागत नाही. आपण बऱ्या व्हाव्यात.

ओर्वार

*

हेर्न्योसांद, ९ फेब्रुवारी १९८७

प्रिय ओर्वार,

शुक्रवारी घरी आले. जपून चालते आणि एकेबोमबाईंचं रोझहिपचं, म्हणजे रानगुलाबाच्या फळांचं सूप पिते. तुझं पत्र परिचारिकेने चार दिवस दाबून ठेवलं होतं. पाकिटावर इतक्या सूचना पाहून तिला वाटलं, आत औषध आहे.

न्यूमोनियाचं श्रेय घेऊ नकोस. त्या खोलीत बसायचं मी ठरवलं होतं. थर्मामीटर वाचता येणारी बाई आहे मी.

आता माझंही क्रमाने.

गुडरूनने मला रुग्णालयातून कार्ड टाकलं होतं. २८ ऑगस्ट १९८४. "कॅमेलिया तुझी. ओर्वार घेऊन येईल. त्याला वेळ लागेल, त्याला घाई करू नकोस." मी घाई केली नाही. दोन वर्षं. प्रत्येक नाताळला वाटायचं, या पत्रात लिहील. मग तुझ्या पत्रकात प्रदर्शनाचा जुना फोटो आला. पांढरी फुलं, लाल किनार, गुडरून पत्रांत लिहायची तशीच, आणि खाली तुझं नाव. म्हणून ते पत्र लिहिलं. अवघड झाड मला कशाला हवं होतं रे? माझं झाड हवं होतं. ते मागायची लाज वाटली, म्हणून तुला देण्याची वाट करून दिली.

तू पाच झाडं तोललीस. मी ते पान तीनदा वाचलं. बहिणीचं नाव कुठे येतं ते पाहत होते.

आणि ते आभार. मी विसरले नव्हते. रोप भेट म्हणून आलं तर आभार मानायचे नाहीत, हे आईने आम्हा दोघींना एकाच दिवशी शिकवलं होतं. पण ही भेट नव्हती. माझी वस्तू तू मला पोचवलीस, म्हणून आभार मानले, जसे स्टेशनवरच्या त्या माणसाचे मानले. मला वाटलं, तुझ्यासारखा नेमका माणूस हे वाचून थबकेल. तू मलाच समजुती शिकवल्यास.

मुळं मी झाड आलं त्याच दिवशी पाहिली. तुझा कागद यायच्या आधी माझी नजर तयार झालेली आहे, ओर्वार. ती वाचणार नाही हे मला त्या शनिवारीच कळलं. डिसेंबरात मी विचारलं, ते कारण कळावं म्हणून नव्हतं. तुला सांगता यावं म्हणून होतं. "तसे असू शकेल" हे तुझं वाक्य वाचलं, त्या दिवशी पहिल्यांदा मी तुझ्यावर रागावले. त्याआधी नव्हते.

मग तिला थंडीत कशाला जपलं, असं तू विचारशील. गुडरूनला वाचणार नाही हे कळल्यावर आपण उशी नीट करणं थांबवलं होतं का? तू तरी थांबवलं नव्हतंस. मी दारातून पाहिलं आहे.

कॅमेलिया गेली. मी रुग्णालयात असताना एकेबोमबाईंनी दया येऊन रेडिएटर लावला. त्या अजून रडतात. त्यांना सांगितलं, ती आधीच गेली होती. हे खरं आहे, पण त्यांना पटत नाही. दोषी वाटून घ्यायची तुम्हा लोकांना भारी हौस.

दहा कळ्या गळाल्या. अकरावी नाताळच्या आदल्या सकाळी उमलली. पांढरी, कडेला लाल. तीन दिवस होती. तुला कळवलं नाही. मुद्दामच. ते फूल माझं आणि गुडरूनचं होतं.

आणि आता शेवटचं. त्याच शनिवारी, मुळं पाहिल्यावर, मी तिच्या सहा फांद्या कापून वाळूत लावल्या आणि स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर काचेच्या बरणीखाली ठेवल्या. मी बाकावर झोपत होते ते थंडी टाळायला आणि या फांद्यांवर लक्ष ठेवायला, दोन्हीसाठी. चार कुजल्या. दोन धरल्या. एक माझ्याकडे राहील.

दुसरी मे महिन्यात, दंव सरलं की, तुला पाठवीन. दोन अटी आहेत. तो पेला घरात ठेवायचा नाही. आणि १९८५ चं पारितोषिक कुणाचं होतं, हे मंडळात उभं राहून सांगायचं.

ही मात्र भेट आहे.

हिलेवी

*

योन्श्योपिंग, २४ मे १९८७

प्रिय हिलेवीताई,

शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने खोके सुखरूप पोहोचले. रोपाला सहा पाने आहेत आणि टोकाला एक नवा कोंब.

मार्चच्या सभेत मी उभा राहिलो. चाळीस सभासद होते. १९८५ चे झाड गुडरून लिंडेलोफ यांचे होते, ते त्यांनी तेवीस वर्षे वाढवले, ते मी माझ्या नावाने मांडले आणि पुढे माझ्याकडून मेले, असे सांगितले.  नंतर चहाच्या टेबलाशी एक वृद्ध सभासद म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक होतं, ओर्वार. दर हिवाळ्यात कॉफीला आलो की गुडरून आम्हाला ती दाखवायची." दोन वर्षे त्या सर्वांना ठाऊक होते. त्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. हे मला अजून पुरते समजलेले नाही. बहुधा समजू नये अशीच ती शिक्षा आहे. अध्यक्षपद सोडले. प्रदर्शनाच्या त्या चिठ्ठीवरचे नाव बदलून गुडरूनचे केले.

पेला घरात नाही. सकाळी सव्वासात वाजता हात आपोआप नळाकडे जातो. मी तो मागे घेतो, मातीत बोट घालतो आणि ओल लागली की परत फिरतो. काल आणि आज परत फिरलो. हे पाणी घालण्यापेक्षा कठीण आहे.

मुळे पाहिलेली नाहीत. कधी आणि कशी पाहावीत, हे आपण उन्हाळ्यात येऊन दाखवाल तोवर हात लावणार नाही. पाहुण्यांची खोली पूर्वेची आहे. आपल्यासाठी रेडिएटर लावला जाईल. रोप दुसऱ्या खोलीत राहील.

भेट मिळाली की इथे एक वाक्य लिहायची सवय आहे. ते लिहीत नाही.

ओर्वार